कॅल्शियमच्या दारातून शिरणारं शिसं

गावातल्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले की चर्चा ठरलेली असते. पहिला संशय कारखान्यावर. गणपती नुकतेच गेले असतील तर मूर्तींच्या रंगांवर. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "पाण्यात शिसं आलंय." वडोदऱ्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावर उभं राहून असं म्हणणं सोपं आहे. पण एका रात्रीत शेकडो मासे मेले असतील, तर शिसं हा जवळजवळ शेवटचा संशयित.

अशा सामूहिक मरणाचं नेहमीचं कारण म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपणं. सांडपाणी, निर्माल्य, कुजणारी शेवाळं असं सगळं रात्रभर प्राणवायू खातं आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. ओळखायची खूण साधी आहे. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करतात, मोठे रोहू-कटला आधी जातात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मागूर, मरळ मात्र जिवंत राहतात. शिशाने असं एका रात्रीत मारायचं तर पाण्यात विरघळलेलं शिसं लिटरला मिलिग्रॅमच्या घरात हवं, आणि उघड्या तळ्यात तेवढं शिसं विरघळलेल्या रूपात टिकणंच अवघड.

मग शिशाची भीती कशाला? कारण त्याचं काम प्रेतं न दाखवता चालतं. मासा जगतो, पण वाढत नाही. भक्ष्यावर झेप घेतो ती चुकते. पाठीचा कणा वाकतो, अंडी कमी पडतात, आणि असा अर्धवट मासा एखाद्या बगळ्याच्या पोटात जातो. मोजायला मेलेला मासा उरतच नाही. म्हणून शिशाचा माग काढायचा तर जिवंत माशाकडे आणि तळातल्या गाळाकडे बघावं लागतं.

वडोदऱ्याच्या पाण्यात शिसं येतं कुठून

घरातल्या देव्हाऱ्यापासूनच सुरुवात करू. मारुतीला, गणपतीला लावतात तो पारंपरिक केशरी शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, रसायनशास्त्रातलं लेड टेट्रॉक्साइड. बाजारात आता दुसरी रंगद्रव्यंही त्याच नावाने मिळतात, त्यामुळे प्रत्येक पुडीत शिसं असेलच असं नाही, पण रंग बघून ते ओळखता येत नाही. मूर्तींवरचा झळझळीत पिवळा आणि नारिंगी रंग लेड क्रोमेटचा असू शकतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखानी वापराच्या रंगांना तो लागू नाही. नियमाआधी रंगवलेली दारं, ग्रिल आणि भिंती अजून शहरभर आहेतच. त्या खरवडल्या की भुगा रस्त्यावर येतो आणि पहिल्या पावसात कांसमधून, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यातून, विश्वामित्री नदीत जातो.

दुसरा मोठा स्रोत जुन्या बॅटऱ्या. गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं. ती रीतसर कारखान्यात वितळवली तर शिसं परत वापरात येतं. कुठल्यातरी शेडमागे फोडून आतलं आम्ल गटारीत ओतलं, तर त्याबरोबर शिशाचा बारीक चिखलही गेला. तिसरा स्रोत जुन्या पेट्रोलचा. शिसं घातलेलं पेट्रोल देशभर २००० मध्ये बंद झालं, पण त्या काळात रस्त्याकडेला बसलेलं शिसं मातीत तसंच आहे. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. फक्त जागा बदलतं.

गणपतीपुरतं बोलायचं तर शाडूची माती निवडली म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. माती विरघळते हे खरं, पण शिशाच्या हिशोबात माती की प्लास्टर यापेक्षा वर फासलेला रंग महत्त्वाचा. प्लास्टरच्या बिनरंगी मूर्तीतून तळ्यात शिसं जाणार नाही, तर शाडूच्या रंगीत मूर्तीतून जाऊ शकतं. विसर्जन कृत्रिम तळ्यात करण्याचा खरा फायदा इथे आहे. रंगाचा थर एका जागी राहतो, गाळ उचलून वेगळा ठेवता येतो. पण नंतर ते पाणी गाळासकट कांसमध्ये सोडलं, तर सगळा खटाटोप वाया.

कल्ल्यांवरची चूक

गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे त्याच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि ते भरून काढायला कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम ओढून घेत राहतात. आपल्याला कॅल्शियम दूध, नाचणी, तिळातून मिळतं. माशाला त्यातला बराचसा थेट पाण्यातून, कल्ल्यांवाटे मिळतो.

विरघळलेल्या शिशाचा आयन कॅल्शियमसारखाच दोन धन भारांचा. कल्ल्याच्या पेशीवरचं कॅल्शियमचं दार त्याला ओळखू शकत नाही आणि आत घेतं. आत गेल्यावर शिसं दोन कामं करतं. कॅल्शियम रक्तात ढकलणारा पंप मंदावतो, आणि सोडियम-क्लोराइड आत घेणारी यंत्रणाही बिघडते. म्हणजे दार अडवलं आणि पंपही अडवला. पाण्यात शिसं खूप असेल तर माशाच्या रक्तातले कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड काही तासांत, काही दिवसांत घसरतात आणि तो त्यानेच मरतो. शिसं फारच जास्त असलं तर कल्ले चिकट श्लेष्मल थराने माखतात, पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटतात आणि गुदमरणंही त्यात मिसळतं. पण ही अवस्था प्रयोगशाळेतल्या टाकीत जितकी सहज दिसते तितकी नदीत दिसत नाही.

शिशाचा धोका ठरवताना पाण्याची कठीणता विचारावीच लागते ती या दारामुळे. कठीणता १०० मिलिग्रॅम (ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात) असलेल्या एक लिटर पाण्यात, ती सगळी कॅल्शियमची धरली तर, कॅल्शियम ४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. शिसं १० मायक्रोग्रॅम असेल तर दारावरच्या रांगेत शिशाच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममागे कॅल्शियमचे चार हजार उभे आहेत. कॅल्शियम कमी झाला की रांग तुटते आणि तेवढंच शिसं जास्त आत शिरतं. कठीण पाण्यात दुसराही बचाव असतो, शिसं कार्बोनेट होऊन खाली बसतं. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं. मृदू पाण्यात चार दिवसांत निम्मे मासे मरायला लिटरला साधारण १.२ मिलिग्रॅम शिसं पुरलं. अतिशय कठीण पाण्यात एकूण शिसं ४७० मिलिग्रॅमच्या वर घालावं लागलं, पण त्यातलं विरघळलेलं मोजलं तर ते जेमतेम १.३ ते १.५ मिलिग्रॅम भरलं. म्हणजे बाटलीत शिसं किती आहे यापेक्षा विरघळलेलं किती आहे, हा प्रश्न. ट्राउट थंड पाण्यातला मासा, तेव्हा त्याचे आकडे रोहूला जसेच्या तसे लावू नयेत. तत्त्व मात्र तेच.

आता हे पावसाळ्याला लावून बघा. उन्हाळ्यात आटलेलं तळं कठीण असतं. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत मृदू पावसाचं पाणी येऊन कठीणता घसरते, आणि त्याच पाण्याबरोबर रस्त्यावरची वर्षभराची धूळ येते. संरक्षण उतरतं आणि शिसं चढतं, दोन्ही एकाच आठवड्यात. माशांचा विणीचा हंगामही हाच. वर्षातून एकदाच नमुना घ्यायचा असेल आणि तो जानेवारीत घेतला, तर काहीही सापडणार नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे जलचरांसाठीचे निकष कठीणतेवरच बेतलेले आहेत. कठीणता १०० असताना दीर्घकाळासाठी विरघळलेलं शिसं लिटरला २.५ मायक्रोग्रॅम, ५० असताना सुमारे १.२, आणि २०० असताना ५.३. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा, आयएस १०५०० प्रमाणे, १० मायक्रोग्रॅम. थोडक्यात, माणसाने प्यायला चालेल असं पाणी त्यात जन्म काढणाऱ्या माशाला चालेलच असं नाही. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे किती? गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढं शिसं.

आत गेल्यावर

रक्तात आलेलं शिसं सर्वात आधी एका एन्झाइमला पकडतं. त्याचं लांबलचक नाव डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड डिहायड्रेटेज, प्रयोगशाळेतलं बोलीतलं नाव अलाड. रक्तातला लाल रंग, म्हणजे हीम, बनवण्याच्या साखळीतली ही एक कडी. तिच्यात जस्ताचा अणू असतो, शिसं त्याला हुसकावून तिथे बसतं. ट्राउटमध्ये लिटरला १० ते १५ मायक्रोग्रॅम शिशातही काही आठवड्यांत अलाड मंदावलेलं दिसतं, मासा वरून अगदी धडधाकट असताना. अलाड कमी झालं म्हणजे लगेच रक्तक्षय झाला असं नाही, शरीरात थोडी उसंत असते. पण शिशाची गाठ पडल्याची ही फार विश्वासू खूण आहे, कारण तांबं, कॅडमियम यांनी ती सहसा उमटत नाही. रक्त हेपरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेल्या नळीतच घ्यायचं, बर्फावर ठेवायचं आणि लवकर तपासायचं. नेहमीच्या ईडीटीएच्या नळीत घेतलं तर ईडीटीए एन्झाइममधलं जस्तच काढून घेतं आणि निरोगी मासाही शिसेबाधित ठरतो. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांच्या हातूनही होते.

मग मज्जासंस्था. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. तिथेही शिसं तोतया बनून घुसतं. मासा दचकून वळतो ती झटपट हालचाल मंदावते, भक्ष्य पकडायला जास्त प्रयत्न लागतात, घरटं राखणाऱ्या जातींत नर घरट्याकडे दुर्लक्ष करतात. बराच काळ शिसं सोसलेल्या पिल्लांत एक लक्षण डोळ्यांनी दिसतं, शेपटीकडचा भाग काळा पडणं. त्वचेतल्या रंगपेशींना आवरून धरणाऱ्या चेता निकामी झाल्या की काळं रंगद्रव्य पसरतं. पुढे शेपटीचे स्नायू वाळतात, कणा वर-खाली किंवा बाजूला वाकतो. मृदू पाण्यात, अंड्यापासून शिसं सोसलेल्या ट्राउटमध्ये हे ४ ते ८ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान सुरू झालं. अंडी उबल्यानंतर सुरुवात केली तर सुमारे दुप्पट शिसं लागलं. बोटुकलीपेक्षा (बोटाएवढ्या पिल्लापेक्षा) अंडं नाजूक, आणि मोठ्या माशापेक्षा बोटुकली.

वाकडा मासा दिसला की लगेच शिशाला दोषी धरू नये, हेही सांगायला हवं. जीवनसत्त्व सी कमी पडलं, कीटकनाशक गेलं, परजीवी लागला किंवा जवळच्या नात्यातल्या जोडीचं बीज असलं, तरी कणा वाकतो. वाकलेला कणा, काळी शेपटी आणि घसरलेलं अलाड ही तिन्ही एकत्र दिसली तर मात्र शंकेला जागा कमी.

शेवटी शिशाचं घर म्हणजे हाड. कॅल्शियमची नक्कल करणारा धातू कॅल्शियमच्याच कोठारात जाऊन बसणार. खवले, कल्ले, मूत्रपिंड, यकृत यांतही तो साठतो. मांसात सगळ्यात कमी. पाऱ्याशी शिशाची गल्लत नेहमी होते, म्हणून इथे थांबून सांगतो: पारा लहान माशाकडून मोठ्याकडे जाताना वाढत जातो, शिसं सहसा वाढत नाही, उलट कमी होत जातं. तळातला चिखल ढवळून खाणाऱ्या मृगळात ते शिकारी मरळीपेक्षा जास्त सापडू शकतं. आणि तळ्यातली गोगलगाय माशाच्या आधी जाते. शंख बांधायला तिला कॅल्शियम भरपूर लागतो, त्यामुळे ४ मायक्रोग्रॅमच्या आसपासही तळ्यातल्या काही गोगलगायींची वाढ खुंटते.

गाळ काढण्याआधी

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, शहर ओलांडून ढाढरला मिळते. शहरातल्या भागात तिचं पाणी सांडपाण्याने गढूळ, आणि गंमत अशी की शिशाच्या बाबतीत हीच घाण माशांना थोडी वाचवते. कुजलेले सेंद्रिय पदार्थ शिशाला धरून ठेवतात, तळातल्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात सल्फाइड त्याला बांधून टाकतं. बांधलेलं शिसं कल्ल्याच्या दारातून जात नाही.

अडचण गाळ उपसताना येते. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर नदीपात्र मोकळं करण्याचा आग्रह वाढला, तो योग्यच आहे. पण काळा गाळ ढवळून हवेत आणला की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि शिसं सुटतं. काठावर ढीग लावून ठेवला तर पुढच्या पावसात तेच परत नदीत. म्हणून उपसण्याआधी वरच्या ५ सेंटिमीटर थराचे नमुने घ्यावेत, वाळवून त्यातला ६३ मायक्रॉनखालचा बारीक भाग वेगळाही तपासावा, कारण शिसं बारीक कणांनाच जास्त चिकटतं. ढोबळ मापदंड असा: कोरड्या गाळात किलोला ३६ मिलिग्रॅमखाली शिसं असेल तर तळातल्या जिवांना सहसा त्रास होत नाही. १२८ च्या वर असेल तर त्रास होण्याचीच शक्यता जास्त. असा गाळ शेतात टाकण्याच्या लायकीचा नाही.

नमुना घेताना काय चुकतं

बाटली एचडीपीई प्लास्टिकची, दहा टक्के नायट्रिक आम्लात दिवसभर बुडवून मग शुद्ध पाण्याने धुतलेली. पाणी पृष्ठभागाखाली वीस-तीस सेंटिमीटरवरून, तोंड प्रवाहाकडे करून, वरचा फेस टाळून घ्यायचं. दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत तसंच पाणी, दुसरीत जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं. त्यानंतर दोन्हींत तीव्र नायट्रिक आम्ल, सामू (पीएच) २ च्या खाली येईपर्यंत. लिटरला साधारण दोन मिलिलिटर पुरतं. क्रम उलटा झाला, आधी आम्ल आणि मग गाळणी, की कणांना चिकटलेलं शिसं सुटून विरघळलेल्यात मोजलं जातं. आम्ल विसरलं तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी येतो. त्याच दिवशी त्याच माणसाने शुद्ध पाण्याची एक बाटली जागेवर उघडून, तेच सोपस्कार करून पाठवावी. तिच्यात शिसं निघालं तर बाकीचे आकडे संशयास्पद. सामू आणि कठीणता न मोजता नुसता शिशाचा आकडा आणणं म्हणजे ताप मोजून पेशंटचं वय न सांगणं.

अहवालात "बीडीएल" (शोधमर्यादेखाली) लिहून आलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ यंत्राला दिसलं नाही, एवढाच. ज्योतीवर धातू मोजणाऱ्या साध्या एएएस यंत्राला पाण्यातलं शिसं १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल तेव्हाच नीट दिसतं. माशाला त्रास देणारं शिसं त्याच्या कितीतरी खाली. ग्राफाइट भट्टीचं एएएस किंवा आयसीपी-एमएस मागावं, आणि अहवालावर शोधमर्यादेचा आकडा लिहून घ्यावा.

माशाच्या मांसासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम, तीही ओल्या वजनावर. शोधनिबंधांत आकडे बरेचदा कोरड्या वजनावर दिलेले असतात. मांसात पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के पाणी, म्हणून कोरड्या वजनावरचे १.२ मिलिग्रॅम म्हणजे ओल्या वजनावर ०.२४ ते ०.३. ही नोंद न बघता लिहिलेल्या बातम्यांत मर्यादा चौपट-पाचपट ओलांडलेली दिसते. अख्खा मासा वाटून तपासला तर पोटातला चिखलही मोजला जातो. मृगळाच्या बाबतीत तर नक्कीच.

स्वयंपाकघरात याचा उपयोग इतकाच: शंका असलेल्या पाण्यातल्या माशाचे कल्ले, आतडी आणि पोटाच्या पोकळीत कण्याखाली चिकटलेला काळसर लाल पट्टा, जो खरं तर मूत्रपिंड आहे, खरवडून टाकावा. अशा पाण्यातले लहान मासे काट्यासकट खाऊ नयेत, कारण शिसं काट्यातच जास्त असतं. शिजवल्याने शिसं नष्ट होत नाही.

घरात मत्स्यालय असेल तर पाणवनस्पतींच्या मुळाशी गुंडाळलेली राखाडी, नखाने ओरखडा उमटणारी पट्टी बघा. ती शिशाची असू शकते. वडोदऱ्याच्या बोअरच्या कठीण पाण्यात तिच्यावर कार्बोनेटचा पांढरा थर बसतो आणि ती फारशी झिरपत नाही. पण शोभेच्या माशांसाठी आरओचं पाणी वापरलं आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडून सामू सहाच्या जवळ आणला, तर तीच पट्टी विरघळायला लागते. दोऱ्याने दगडाला बांधलेलं झाड तितकंच घट्ट बसतं.

राहता राहिला पाग, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात, त्यांतल्या काही तुटून पाण्यात राहतात. विश्वामित्रीत हा मुद्दा माशांपुरता नाही, कारण इथे मगरी आहेत. मगरीच्या जठरातलं आम्ल तीव्र, आणि गिळलेले दगड तिच्या पोटात वर्षानुवर्षं राहतात, तशी शिशाची गोळीही राहून हळूहळू विरघळते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट लुसिया सरोवरातल्या नाईल मगरींच्या रक्तात शिसं खूप जास्त सापडलं, आणि त्याचा माग मासेमारीच्या शिशाच्या वजनांपर्यंत लागला. पागाला लोखंडी साखळी शिवता येते. लोखंड हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला साखळीचं आकारमान साधारण दीडपट लागतं आणि जाळं जरा हळू बुडतं. दर पावसाळ्यानंतर तिला गंज आलाय का ते बघावं लागतं. आणि जुन्या शिशाच्या गोळ्या घरच्या शेगडीवर वितळवून नव्या ओतू नयेत. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, एवढी उष्णता साध्या गॅसवरही मिळते, आणि धूर व राखेची पूड घरातल्या लहान मुलांच्या अंगात जाते.